आपल्या शाळेचा आठवडा : पाळ्या, उपक्रम आणि अपेक्षा

शाळेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असतो, निकालाचे तक्ते असतात, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असतात. शाळेचा साधा आठवडा मात्र कोणत्याच पानावर सापडत नाही. वास्तविक निवासी शाळेत मूल घडते ते याच सोमवार ते रविवारच्या फेऱ्यात. संमेलन वर्षातून एकदा होते. आठवडा पुन्हा पुन्हा येतो. म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर आमच्या वसतिगृहाचा व वर्गांचा आठवडा कसा चालतो, त्यामागे कोणता विचार आहे आणि विद्यार्थ्यांकडून आम्ही नेमकी कोणती अपेक्षा बाळगतो, हे या लेखात मांडावे असे आम्ही ठरविले.

यास एक निमित्तही आहे. जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी पालक अनेक प्रश्न विचारतात. जेवण काय, झोपण्याची सोय काय, इंग्रजी-गणिताला शिक्षक आहेत काय, हे प्रश्न सोपे असतात. एक प्रश्न मात्र अवघड असतो आणि तो हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत अशा पाचही तालुक्यांतून येतो. "सर, आमी जलमभर लोकायचं झाडलं, म्हनून लेकराला शाळंत घातलं. तुमी बी त्याच्या हातात झाडूच द्यायलात का?" हा प्रश्न उद्धट नाही. त्याच्या पाठीशी पिढ्यांचा अनुभव उभा आहे. त्याचे उत्तर 'शिस्त' या एका शब्दात देता येणार नाही. त्यासाठी थोडे इतिहासाकडे वळावे लागेल.

'पाळी' या शब्दाचा इतिहास

आमच्या आजोबा-पणजोबांना 'पाळी' हा शब्द चांगला ठाऊक होता. गावगाड्यात येसकराची पाळी असे. ज्या घरावर ती येई, त्या घराने वेशीवर राबायचे, चावडी झाडायची, सरकारी कामाचा निरोप गावोगाव पोचवायचा, मर्तिकाची बातमी घेऊन उन्हातान्हात चालायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि बदल्यात घरोघर भाकरी मागायची. ही पाळी घराघरांत फिरत असे, पण ती एकाच वस्तीत फिरत असे. वस्तीच्या बाहेर ती कधी गेली नाही. पाटलाच्या वा देशमुखाच्या वाड्यावर येसकराची पाळी आल्याचे कोणी ऐकलेले नाही. कामाचे वाटप जन्माने झालेले होते. फिरत होते ते फक्त माणसांचे नाव.

परमपूज्य बाबासाहेबांनी या व्यवस्थेच्या मुळाशी हात घातला. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचा १८७४ चा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा इथे लागू नव्हता, पण वेठ तीच होती आणि भाकरीचे ताटही तेच होते.

आता शाळेकडे या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट घरून आणावे व संध्याकाळी घरी न्यावे लागे. तहान लागली तरी शाळेच्या नळाला हात लावता येत नसे. शिपाई असेल आणि तो नळ सोडेल तरच पाणी. शिपाई नसेल तर तहानेने कोरडे बसणे. म्हणजे त्या शाळेत घंटा होती, तास होते, वेळापत्रक होते. परंतु पाणी पाजण्याची पाळी सर्वांना सारखी नव्हती.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आमच्या पाळ्यांच्या फलकाचा अर्थ उलगडतो. आमच्याकडे झाडू एकाच मुलाच्या हातात राहत नाही. पाणी भरणे, ताटे वाढणे, वर्ग झाडणे, स्वच्छतागृह धुणे, घंटा देणे, ग्रंथालयाची नोंद ठेवणे, परिपाठाचे सूत्रसंचालन करणे, आजारी मित्राजवळ बसणे अशी आठ कामे आणि आठ गट आहेत. दर सोमवारी प्रत्येक गट एक काम पुढे सरकतो. आठ आठवड्यांत फेरा पूर्ण होतो. ज्याने गेल्या आठवड्यात स्वच्छतागृह धुतले, तो या आठवड्यात घंटा देतो. त्याच्या घंटेवर मुख्याध्यापकांसह सारी शाळा हलते. आडनाव, गाव, गुण, वडिलांचा व्यवसाय यांपैकी काहीही या फलकावर नोंदलेले नसते. शिक्षकांची नावे मात्र असतात. प्रत्येक गटात एक शिक्षक असतो आणि गट जे करील ते तोही करतो.

पालकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हे आहे. जे काम सर्वांवर येते, ते कोणाला खालचे ठरवीत नाही. काम हलके नव्हतेच. ते एकाच्याच माथी कायमचे मारले, म्हणून ते अपमान झाले.

सोमवार ते रविवार

रोजचा क्रम बहुतेकांना ठाऊक आहे. पहाटे उठणे, वंदना, व्यायाम, अभ्यासिका, न्याहारी, शाळा, खेळ, संध्याकाळचा अभ्यास, भोजन आणि झोप. हे सर्व दिवशी सारखे असते. प्रत्येक वाराला जे वेगळे घडते, तेवढेच येथे सांगतो.

सोमवारी परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन झाल्यावर पाळ्यांचा नवा फलक लागतो. वाचन रोजच होते, पण सोमवारी एक विद्यार्थी त्यातील एका शब्दावर बोलतो. 'बंधुता' हा शब्द कोणाच्या वाट्याला येतो, 'दर्जाची समानता' कोणाच्या. दहा वर्षांचे मूल 'दर्जा' म्हणजे काय हे सांगताना पंगतीचे उदाहरण देते, तेव्हा नागरिकशास्त्राच्या धड्याचे काम निम्मे झालेले असते. दुपारी जेवणानंतर सहावीच्या पुढील मुलामुलींना लोहाची निळी गोळी दिली जाते. ही शासनाच्या साप्ताहिक योजनेतील गोळी आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. वाढीच्या वयात रक्त कमी असेल तर मूल वर्गात पेंगते आणि आपण त्याला आळशी म्हणतो. गोळी उपाशीपोटी घेऊ नये, म्हणूनच ती जेवणानंतर आणि शिक्षकांसमोर दिली जाते. सुट्टीत मूल घरी असताना आईने तेवढा वार लक्षात ठेवावा.

मंगळवारी शेवटचा तास प्रश्नतास असतो. या तासाला शिक्षक शिकवीत नाहीत, विद्यार्थी विचारतात. औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. संवादाच्या आरंभीच नागसेनाने राजाला अट घातली की, चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तर मी बोलेन, राजांच्या रीतीने होणार असेल तर नाही. पंडित चर्चेत हरला तरी रागावत नाही. राजाला विरोध केला की तो दंड करतो. राजाने ही अट मान्य केली. निजामाच्या राजवटीत जिथे आपल्या मुलांना मातृभाषेत माध्यमिक शिक्षण मिळणेही दुर्मीळ होते, त्या मराठवाड्यात एका महाविद्यालयाला असे नाव द्यावे यात मोठा संकेत आहे. प्रश्नतासाला आमच्याकडे तीच अट लागू आहे आणि इथे राजाच्या जागी शिक्षक आहेत, हे आम्ही विसरत नाही. 'हे परीक्षेला येणार नाही' असे उत्तर त्या तासाला चालत नाही. उत्तर ठाऊक नसेल तर शिक्षक तसे सांगतात आणि पुढच्या मंगळवारी ते शोधून आणतात.

बुधवार ग्रंथालयाचा. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. एका पुस्तकाने पुढे काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण आम्ही मुलांना देऊ शकत नाही. प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक न्यावे, ते जाड असलेच पाहिजे असे नाही. परत करताना त्यातील काय आवडले आणि काय पटले नाही हे चार-पाच वाक्यांत सांगावे. 'काय पटले नाही' हा भाग आम्ही सोडू देत नाही.

गुरुवारी विद्यार्थी सभा भरते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद होती आणि जानेवारी १९५० मध्ये खुद्द बाबासाहेबांनी तिच्यापुढे हिंदू कोड बिलाविषयी भाषण केले होते. आमची सभा लहान आहे, विषयही लहान आहेत. रस्सा पातळ होतो, सहावीला मैदान मिळत नाही, मुलींच्या खोलीतील दिवा गेला आहे. पण पद्धत मोठ्यांची आहे. ठराव लिहून आणायचा, अनुमोदन घ्यायचे, दुरुस्ती सुचवायची, मत घ्यायचे आणि विरोधी मत इतिवृत्तात नोंदवायचे. आपण मांडलेल्या ठरावाला कोणी दुरुस्ती सुचविली की मुले रुसतात. तेव्हा आम्ही त्यांना संविधान सभेचा आकडा सांगतो. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या होत्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरे देणारे आपले बाबासाहेब रुसले असते तर देशाला संविधान मिळाले नसते. भोजनाच्या पाक्षिक यादीत बदल हवा असल्यास तो या सभेच्या ठरावाशिवाय होत नाही.

शुक्रवारी छोटी लेखी चाचणी असते. तिच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. गुण फलकावर लावीत नाही. वही मुलाच्या हाती देतो आणि चुकलेले गणित शनिवारी पुन्हा सोडवून घेतो, एवढेच.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी कपडे धुणे, केस-नखे, गाद्यांना ऊन देणे, झाडांना पाणी. त्यानंतर घरी पत्र किंवा फोन. फोन सर्वांना सारखा वेळ मिळतो, तरीही पाचवी-सहावीच्या मुलांनी पत्र लिहावे असा आमचा आग्रह असतो. ज्या आईला वाचता येत नाही तिला ते पत्र शेजारची मुलगी वाचून दाखविते आणि त्या शेजारणीलाही शाळेची वाट कळते.

शनिवारच्या रात्री मनमोकळा तास होतो. वर्षावास संपताना भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू उठून संघाला विनंती करतो की, माझ्या वागण्यात काही दोष पाहिला, ऐकला वा त्याची शंका आली असेल तर करुणेने सांगा. ज्येष्ठ भिक्खूही यातून सुटत नाही. आम्ही ही रीत आठवड्यावर आणली आहे. गोल करून बसायचे. दोष दुसऱ्याचा काढायचा नाही. 'माझ्याविषयी कोणाला काही सांगायचे आहे काय' असे ज्याचे त्याने विचारायचे. कोणी चिडवल्याचे, कोणी वही लपविल्याचे, घरच्या आठवणीने रात्री रडू आल्याचे सारे तिथे निघते. आरंभी मुले गप्प असतात. दिवाळीनंतर बोलू लागतात.

रविवार सुट्टीचा. ही सुट्टीही कोणी सहज दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कष्टकऱ्यांच्या लेकरांना रविवारी खेळताना ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे. सकाळी विहारात सामूहिक वंदना, धम्मावर थोडे बोलणे, मग क्रिकेट, कबड्डी आणि दुपारी पालकांच्या भेटी.

विद्यार्थ्यांकडून अपेक्षा

आमच्या अपेक्षांची यादी लांब नाही. वेळेवर उठावे. आपली पाळी दुसऱ्यावर ढकलू नये, विकूही नये. बिस्किटाच्या पुड्यावर पाळी बदलण्याचे व्यवहार मुलांत होतात आणि तेथूनच गावगाडा पुन्हा सुरू होतो. कोणालाही जातीवरून, आडनावावरून, रंगावरून वा व्यंगावरून हाक मारू नये. समजले नाही तर विचारावे. पुस्तक फाडू नये. चूक झाली तर सांगावी. सुट्टी संपल्यावर ठरलेल्या दिवशी परत यावे.

अपेक्षा पूर्ण झाली नाही तर काय, हाही प्रश्न रास्त आहे. मारणे नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असला तरी आमच्या दहावीच्या मुलालाही आम्ही तोच नियम लावतो. आणखी एक नियम आमचा स्वतःचा आहे. कोणतेही काम शिक्षा म्हणून द्यायचे नाही. गृहपाठ केला नाही म्हणून स्वच्छतागृह धुवायला लावले, तर मूल त्यातून एकच धडा घेते की धुणे हे अपराध्याचे काम आहे. मग धुणारा माणूसही त्याला अपराधीच वाटू लागतो. आठ गटांनी आठ आठवडे जे शिकविले, ते अशा एका शिक्षेने पुसले जाते. म्हणून गृहपाठ चुकला तर गृहपाठच करायचा आणि पाळी चुकली तर पाळीच.

शिक्षकांची बाजू

अपेक्षा एकतर्फी असू नये हे तथागतांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. सिगालोवाद सुत्तात शिष्याची आचार्याप्रती पाच कर्तव्ये आहेत. आदराने उभे राहणे, जवळ हजर असणे, ऐकण्याची उत्सुकता, सेवा आणि लक्षपूर्वक विद्या ग्रहण करणे. पण सुत्त तेथे थांबत नाही. लगेच आचार्याचीही पाच कर्तव्ये येतात. शिष्याला चांगले वळण लावणे, नीट समजेल असे शिकविणे, हातचे काही न राखता सारी विद्या देणे, मित्रपरिवारात त्याच्याविषयी चांगले बोलणे आणि सर्व दिशांना त्याच्या सुरक्षिततेची काळजी वाहणे. जिथे ज्ञान राखून ठेवण्याची परंपरा होती, तिथे 'हातचे न राखता' ही अट किती क्रांतिकारक होती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. शिष्याने पाच पाळली नाहीत असे म्हणण्यापूर्वी आम्ही आमची पाच मोजावीत, असा आमच्या शिक्षकसभेचा प्रघात आहे.

पालक आणि माजी विद्यार्थी

पालकांकडून एक मोठी अपेक्षा आहे आणि ती सुट्टीच्या शेवटच्या दिवसाविषयी आहे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता निघतो आणि बिऱ्हाडासोबत मूलही पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे जाते. धाकट्याला सांभाळायला, वाढे गोळा करायला मोठ्या लेकराचा हात लागतो, हे आम्ही जाणतो. ज्या घरावर उचलीचा बोजा आहे त्या घराला उपदेश करणे सोपे आहे, म्हणून आम्ही उपदेश करीत नाही; विनंती करतो. गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी लेकरू शाळेत आणून सोडा. शाळा उघडायला अवकाश असला तरी वसतिगृहाचे दार आपल्यासाठी उघडे राहील. एकदा बुडालेला हंगाम पुढच्या वर्षी भरून निघतो. आठवीत गळालेले मूल पुन्हा नववीच्या बाकावर दिसणे फार कठीण असते.

मुलींच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. जोडीला उचल मिळते म्हणून आणि मागे एकटी पोर कोणाच्या भरवशावर ठेवावी या काळजीने दहावीच्या आधीच लग्न ठरते. २००६ च्या कायद्याने मुलीचे वय अठरा पूर्ण असलेच पाहिजे. काळजी खरी असेल तर तिचे उत्तर वसतिगृह आहे, बोहला नव्हे. अशी बोलणी कानावर आली तर आमच्याकडे या. तेही शक्य नसेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक कोणत्याही फोनवरून विनामूल्य लागतो. आमच्या मुलींना तो पाठ आहे.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपण देणगी देता, पुस्तके पाठविता, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. परंतु आमची अपेक्षा यापेक्षा थोडी अधिक आहे. एखाद्या मंगळवारी प्रश्नतासाला या आणि आपल्या नोकरीविषयी जसे सांगाल, तसेच पहिल्या प्रयत्नात न मिळालेल्या यशाविषयीही सांगा. मुलांना अधिकारी दिसतात. अधिकारी होण्याआधीची तीन वर्षे दिसत नाहीत. आणि आलाच आहात तर संध्याकाळच्या पंगतीपर्यंत थांबा. पाळ्यांच्या फलकावर आठ गटांच्या खाली एक ओळ रिकामी ठेवलेली असते. तिथे आपले नाव खडूने लिहा, गट कोणताही निवडा, आणि त्या दिवशीचे काम मुलांच्या बरोबरीने करा. ज्या मुलाने तहसील कार्यालयातल्या साहेबाला वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढताना पाहिले, त्याला समतेवरचे व्याख्यान थोडे कमी दिले तरी चालते.

सर्वांना सप्रेम जयभीम.